भागाबाईंचं कपाळ

केजच्या बाजारपेठेत आमचा कॉम्प्युटर आला तो सिमेंटच्या पोत्यांवर बसून. बीडहून येणाऱ्या टेम्पोत दुसरीकडे जागाच नव्हती. खोकी उतरवताना हमालानं विचारलं, "टीव्ही हाय का?" विश्वनाथमामा म्हणाले, "टीव्हीच हाय. पर ह्याच्यात आपुन दाखवू तेच दिसतं." मामा गमतीनं बोलले होते. पण पुढे कितीतरी वर्षं मी त्या पडद्यावर लोकांना त्यांचीच माणसं दाखवत बसलो, आणि मामांचं ते वाक्य मला अधूनमधून टोचत राहिलं.

विश्वनाथमामा माझे सख्खे मामा. त्यांचा फोटो स्टुडिओ होता. मी औरंगाबादला बीएस्सी आणि वर गल्लीबोळातल्या एका क्लासचा कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून परत आलो होतो. पेपरात रोज यायचं, अमुक परदेशी कंपनी येतेय, तमुक दार उघडलंय. आमच्याकडे त्या उघड्या दारातून आलं ते पिवळ्या पाटीचं एसटीडी बूथ, गच्चीवरची केबलची छत्री, आणि कर्ज काढून घेतलेला हा कॉम्प्युटर. सोबत एक स्कॅनर. झाकण उघडून फोटो पालथा ठेवायचा, खालून उजेडाची पट्टी सरकत जायची. ती पट्टी सरकताना बघायला लोक दुकानाच्या पायरीवर थांबायचे. कुणी तरी हमखास म्हणायचं, "एक्सरे काढायलेत."

आमचं खरं काम गेलेल्या माणसांचं. लग्नाचे फोटो, पासपोर्ट हे चालूच असायचं, पण स्टुडिओ उभा होता तो तेराव्याला लागणाऱ्या फोटोंवर. माणूस गेला की घरचे कपाट, ट्रंक, फडताळ उपसायचे. हाती काय लागायचं? कुणाच्या तरी वऱ्हाडात मागच्या रांगेत उभा असलेला चेहरा, करंगळीच्या नखाएवढा. किंवा सरकारी कार्डावरचा, ज्याच्या अर्ध्या गालावर गोल शिक्का. त्यातून भिंतीवर हार घालण्याजोगा फोटो करून द्यायचा. मामा हे काम आधी पेन्सिलीनं आणि दोन केसांच्या ब्रशनं करायचे. निगेटिव्हवर, काचेखाली दिवा लावून, श्वास धरून. मी ते आकड्यांनी करायला लागलो.

आकड्यांनी म्हणजे कसं, ते सांगतो. यात काही अवघड नाही. पडद्यावरचा फोटो म्हणजे रांगोळी काढण्याआधी अंगणात टाकलेले ठिपके. फक्त फार बारीक, फार जवळजवळ, लाखांनी. प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे. लाल किती, हिरवा किती, निळा किती. शून्य म्हणजे काहीच नाही, दोनशे पंचावन्न म्हणजे पुरेपूर. तिन्ही शून्य, तर काळा. तिन्ही पुरेपूर, तर पांढरा. बाकी सगळं जग या दोहोंच्या मधे. तुमच्या आजीचा गाल, तिची नथ, तिच्या डोळ्यातली चमक, सगळं असे आकडे. आकडा बदलला की आजी बदलली.

आता हे आकडे हाताशी यायचे कसे? विंडोजमध्ये एक सरळ सोय होती. अमुक ठिपक्याचा रंग काय, असं विचारायचं, तो सांगायचा. मग पुढचा विचारायचा. पण ही सोय म्हणजे तहसीलची खिडकी. एका वेळी एक माणूस, एक अर्ज, परत रांगेत. लाख ठिपके विचारायचे तर चहा पिऊन, जेवून, वामकुक्षी घेऊन यावं. दुसरा रस्ता मागच्या दारानं जायचा. चित्र मेमरीत जिथं साठवलंय त्या जागेचा पत्ता मिळवायचा, आणि थेट कोठारात शिरून आपल्या पायांनी चालत आकडे उचलायचे. तिथं कुणी अडवत नाही आणि कुणी सांभाळतही नाही. एक पाऊल चुकलं की पडदा निळा, आणि सकाळपासूनचं काम गेलं.

कोठाराची मांडणीही वेगळीच. पहिल्या दिवशी मी मामांचा फोटो स्कॅन केला, आकडे उचलले आणि आपल्या अकलेनं पुन्हा मांडले. पडद्यावर मामा उलटे, खाली डोकं वर पाय. चेहरा निळा. आणि सगळं अंग वाऱ्यानं तिरक्या झालेल्या ज्वारीसारखं कललेलं.

मामा बराच वेळ बघत राहिले. "हे मी हाय का माझं भूत हाय?"

"मामा, थोडं चुकलंय."

"थोडं? मढ्याला बी असं करत न्हाईत रे."

कारणं शोधायला मला दोन आठवडे लागले. पुस्तक नव्हतं, विचारायला कुणी नव्हतं. चित्राची सगळ्यात खालची ओळ तिथं सगळ्यात आधी ठेवलेली असते, म्हणून मामा उलटे. रंग लाल-हिरवा-निळा असे नसून निळा-हिरवा-लाल असे असतात, म्हणून मामा निळे. आणि प्रत्येक ओळीतले आकडे चाराच्या पाढ्यात बसावे लागतात. न बसले तर शेवटी फुकटचे आकडे भरून ओळ पुरी करतात. ते फुकटचे मी खरे धरले, म्हणून प्रत्येक ओळ थोडी थोडी सरकत गेली आणि मामा कलले. ज्या दुपारी मामा सरळ, गव्हाळ आणि उभे दिसले, त्या दुपारी मी त्यांना न सांगता स्टेशनरीच्या दुकानातून पेढे आणायला धावलो होतो. पेढे तिथं मिळत नाहीत हे दुकानात शिरल्यावर लक्षात आलं. तसा आनंद नंतर कधी झाला नाही, नोकरीचं पत्र आलं असतं तरी झाला नसता.

मग गिऱ्हाइकं. एक किराणा दुकानदार होते, त्यांच्या वडलांचा एकच फोटो, तोही गेल्यानंतर पाटावर बसवून काढलेला. डोळे मिटलेले. "उघडा," म्हणाले, जसं काही मला दार उघडायला सांगत होते. मी त्यांनाच खुर्चीत बसवलं, त्यांच्या डोळ्यांचा फोटो काढला आणि ते डोळे वडलांना बसवले. दुकानदार खूष. वर्षभरानं भेटले तेव्हा म्हणाले, "सकाळी उदबत्ती लावताना जरा अवघडल्यासारखं हुतं. मीच माझ्याकडं बघायलोय." एक नवरदेव आला, त्यानं फोटोतला रंग उजळून मागितला. उजळणं सोपं, सगळ्या आकड्यांत तीस-चाळीस मिळवायचे. मुलीकडच्यांनी फोटो पाहून होकार दिला. साखरपुड्यात मुलीच्या आजीनं मोठ्यांदा विचारलं, "पोरगा कावून आला न्हाई? थोरल्या भावाला कावून पाठवलं?"

हे आठवलं की अजून हसू येतं. पण लिहायला बसलो ते यासाठी नाही.

जुन्या फोटोंचा मोठा शत्रू म्हणजे बुरशी. दमट भिंतीवर लटकलेल्या फोटोवर मोहरीएवढे काळे-पांढरे ठिपके उठतात. ते एकेक करून पुसत बसण्यापेक्षा मी प्रोग्रॅम लिहिला. तो प्रत्येक ठिपक्यापाशी जायचा, आजूबाजूच्या शेजाऱ्यांचे आकडे बघायचा, आणि मधलाच एखादा सगळ्यांपेक्षा फार वेगळा निघाला, तर त्याला शेजाऱ्यांसारखा करून टाकायचा. बस्स, एवढंच. बुरशी नाहीशी. मामांचं दोन दिवसांचं काम एक कप चहात. डिस्क इतकी लहान होती की मोठ्या फोटोच्या दोन प्रती ठेवायच्या म्हणजे दुसऱ्याचा फोटो काढून टाकावा लागायचा. म्हणून मी प्रोग्रॅममध्येच व्यवस्था केली होती की साफ झालेला फोटो जुन्याच्याच जागी, जुन्याच्याच नावानं उतरावा. मागे काही उरायला नको. ही व्यवस्था मी कौतुकानं सांगायचो.

पहिल्याच महिन्यात या प्रोग्रॅमनं आमच्या नात्यातल्याच एका आजोबांच्या कपाळावरची विभूती खाल्ली. बारीक फोटोतले तीन पांढरे पट्टे. त्याला ते बुरशीच वाटले. घरात गहजब झाला. लिंगायताच्या घरात कपाळ मोकळं? मामांनी डोक्याला हात लावला. नशिबानं मूळ फोटो हातात होता. पुन्हा स्कॅन केला, आणि प्रोग्रॅममध्ये मी अट घातली की कपाळाच्या भागात पांढऱ्याला हात लावायचा नाही. पांढऱ्याला. काळ्याचा विचार माझ्या मनात आला नाही. आमच्या घरातल्या कपाळांवर काळं काही नसतं.

गयाबाई आल्या त्या नेकनूरकडच्या एका वस्तीवरून, जीपमधून, पदराखाली फ्रेम धरून. मेंढरंवाल्यांचं घर. त्यांनी दोन खोल्यांचं पक्कं घर बांधलं होतं आणि घरभरणीच्या आधी भिंतीवर आई पाहिजे होती. आईचं नाव भागाबाई. गयाबाई सात-आठ वर्षांच्या असताना गेलेली. कुठल्याशा जत्रेत, रंगवलेल्या पडद्यापुढं उभं करून काढलेला फोटो. कडेवर लेकरू. ते लेकरू म्हणजे गयाबाई.

"भाऊ, हीच एक हाय. दुसरी न्हाई. जपून करा. दोन काढा, एक माझ्या दादाला."

फोटो ओल धरून काचेला चिकटलेला होता आणि चेहऱ्यावर बुरशीची खसखस पेरलेली. मी काचेसकट स्कॅन करून ठेवला. मग मामांनी तो काचेपासून सोडवायला पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवला. असे फोटो त्यांनी शेकड्यांनी सोडवले होते. हा सुटला, पण कागद एकीकडे आणि चेहरा एकीकडे. दुधावरची साय हलावी तसं भागाबाईंचं तोंड पाण्यावर तरंगलं, आणि मामांनी ट्रे उचलताच फाटून गेलं. मामा ट्रे खाली ठेवून हात पुसत बसले.

गयाबाईंना आम्ही हे सांगितलं. लपवलं नाही. त्या म्हणाल्या, "काम्पुटरात हाय न्हवं?"

"आहे."

"मंग बास. कागद काय, आज ना उद्या सडलाच असता."

त्या वेळी ते खरं होतं.

मी प्रोग्रॅम चालवला. बुरशी गेली. चेहरा इतका नितळ निघाला की मी मामांना हाक मारून दाखवला. ठरलेल्या दिवशी गयाबाई आल्या, पडद्यासमोर बसल्या, आणि आधी त्यांचे डोळे भरून आले. तोंडावर पदर धरून पुढं वाकल्या.

"तोंड आईचंच हाय. डोळं बी." मग हळूच, "पर भाऊ, गोंदन कुटं गेलं?"

कपाळावरचं गोंदण. मोहरीएवढे काळे ठिपके. त्या बुरशीच्या खसखशीत तेही होते, आणि माझ्या प्रोग्रॅमनं त्यांनाही शेजाऱ्यांसारखं करून टाकलं होतं. कागद पाण्यात गेला होता. आधीचा स्कॅन त्याच नावाखाली, त्याच जागी पुसला गेला होता.

मी तेव्हा म्हणायला हवं होतं, बाई, माझ्या हातून गेलं. तोंडातून निघालं ते असं, "ते आत आहे. अजून काढायचंय. कॉम्प्युटर शोधतोय."

त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या. मी कपाळाच्या भागातले सगळे आकडे कागदावर छापून काढले आणि एकेक ओळ बोटानं वाचत गेलो. कुठं तरी एखादा आकडा दबलेला, बाकीच्यांपेक्षा थोडा तरी खाली असेल, तर तिथं ठिपका होता असं म्हणता आलं असतं. सगळे आकडे एकमेकांसारखे. शाळेत एका रांगेत उभी केलेली पोरं. कुणाच्याच चेहऱ्यावर काही नाही.

मामांना सांगितलं. मामांनी तोंडातला तंबाखू गालात सरकवला. "तिलाच इचार की. आपुन कुटं बघितलीय तिची आई?"

"तिला काय सांगू?"

"काय सांगतूस? काम्पुटरचं नाव सांग अन् मोकळा हो."

मी गयाबाईंना आत बोलावलं. म्हणालो, तुम्हाला आठवतं तिथं बोट ठेवा, म्हणजे कॉम्प्युटरला कुठं शोधायचं ते सांगता येईल. त्यांनी पदराला बोट पुसलं आणि भीत भीत काचेवर टेकवलं.

"हितं एक. त्याच्या खाली दोन. चुलीच्या दगडावानी, तीन."

मी त्या जागेचे आकडे खाली आणले. मधे चाळीसपर्यंत, कडेला हळूहळू चढते, म्हणजे शाई कातडीत पसरल्यासारखी दिसावी. हे मला चांगलं जमायचं. बटण दाबलं, आणि त्यांच्या बोटाशेजारी कपाळावर एक ठिपका उमटला. त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागं घेतला.

"निघालं!"

"निघालं," मी म्हणालो.

मग दुसरा, मग तिसरा. तिसऱ्यानंतर त्या खुर्चीवरून उठून खाली फरशीवर बसल्या आणि रडल्या. मामा त्यांच्यासाठी पाणी घेऊन आले. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

एवढ्यावर हे संपलं असतं, तर मी आज लिहायला बसलो नसतो. लेकीच्या आठवणीतली आई लेकीच्या भिंतीवर. यात कुणाचं काय गेलं, असं मी स्वतःला समजावलंही होतं.

आठवड्यानं त्या फ्रेम न्यायला आल्या तेव्हा बरोबर भाऊ होता. मारुतीदादा. त्यांच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, उंच, उन्हानं भाजलेला, खांद्यावर घोंगडी. मेंढरं घेऊन लांब गेला होता, नुकताच परतलेला. त्यानं फ्रेम दोन्ही हातांत धरून उजेडाला नेली. बराच वेळ पाहिलं.

"गये, हे गोंदन अर्धंच हाय."

"अर्धं कसं? तिनी हायती की."

"पाच व्हते. मधी येक, चार बाजूनं."

"आरं दादा, तीन. मी तिच्या कुशीत निजायची. बोटानं मोजायची रोज."

"तू येवढीशी व्हतीस. मोजाया तरी येत व्हतं का तुला?"

"तीनापतुर येत व्हतं!"

दुकानात बसलेली चार माणसं हसली. मारुतीदादाही हसला. पण फ्रेम खाली ठेवली नाही. "मला भाकर देताना ती वाकायची," म्हणाला. "मी खाली बसलेला, ती वरून वाकायची. तवा बराबर डोळ्याम्होरं यायचे. पाच."

"तीन."

"पाच, गये."

आता आवाज चढला होता. आणि मग मारुतीदादानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. पंच माणसाकडं बघावं तसं.

"मास्तर, तुमी सांगा. काम्पुटर काय म्हनतो?"

बाकावरची माणसं पुढं वाकली. त्या काळी कॉम्प्युटर काय म्हणतो याला फार वजन होतं. विजेचं बिल त्यातून यायचं, बारावीचा निकाल त्यातून यायचा. तो म्हणाला की विषय संपला. मामा काउंटरच्या मागे पाठमोरे उभे होते. गयाबाई माझ्याकडं बघत होत्या, आणि त्यांनीच मला बोट ठेवून दाखवलं होतं हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. त्यांना वाटत होतं, त्यांनी फक्त जागा दाखवली. सापडलं ते कॉम्प्युटरला.

"तीन," मी म्हणालो.

"पक्कं?"

"आतमध्ये आकडे असतात, दादा. ते चुकत नाहीत."

तो मग फ्रेमकडं बघत, कुणाला उद्देशून नाही असं बोलला, "मंग मी इतकी वर्सं कुनाचं तोंड बघत व्हतो?"

त्यानं आपली फ्रेम घोंगडीत गुंडाळली आणि पायरी उतरून गेला. गयाबाई त्याच्या मागं धावल्या, जिंकलेल्या माणसासारख्या नाही, जरा ओशाळल्यासारख्या. "दादा, थांब की. दादा."

पुढं काय झालं? स्टुडिओचं नाव झालं. पाण्यात गेलेल्या फोटोतून गोंदण शोधून काढणारा कॉम्प्युटर केजला आहे, असं नेकनूरपासून पाटोद्यापर्यंत बोललं जायला लागलं. लोक असे फोटो घेऊन यायचे की ज्यात चेहराच नाही, नुसता पांढरा डाग, आणि म्हणायचे, "आत असंल, काडा." मी प्रोग्रॅम बदलला. मूळ स्कॅन वेगळा ठेवायला लागलो, त्यासाठी दुसरी डिस्क घेतली. फोटो हातात घेतल्यावर घरच्यांना समोर बसवून आधी विचारायचो, तीळ, व्रण, गोंदण काय काय आहे. हे नंतरचं शहाणपण. त्याचा फायदा पुढच्यांना झाला.

मग डिजिटल कॅमेरे आले, मग मोबाईल. मामा गेले. त्यांचा तेराव्याचा फोटो मी हात न लावता छापला, गालावरच्या देवीच्या व्रणांसकट. स्टुडिओ बंद केला आणि मी बीडला एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागलो. वर्गात पोरांना मी अजून सांगतो, चित्राची खालची ओळ आधी असते, निळा आधी येतो, ओळ चाराच्या पाढ्यात बसवा. पोरं विचारतात, "सर, हे शिकून काय करायचं? आता तयार मिळतं की." मला मामांचं तिरकं निळं भूत आठवतं आणि मी एकटाच हसतो. ते दिवस सुंदर होते हे मी नाकारणार नाही. आमच्या गावात तेव्हा कोठाराच्या मागच्या दाराची किल्ली फक्त माझ्याकडे होती. किल्ली असलेल्या माणसाला लोक शपथ घालत नाहीत, त्याच्यावर नुसता विश्वास ठेवतात.

यंदा उन्हाळ्यात माझ्या मुलीनं फोनवर स्वतःचा फोटो काढला आणि मला पाठवला. लहानपणी झोपाळ्यावरून पडून तिच्या हनुवटीला खोक पडली होती. त्याचा व्रण फोटोत नव्हता. मी म्हणालो, पुसलास का? ती म्हणाली, "मी कुठं पुसला? फोन आपोआप करतो, बाबा." तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी रविवारची वाट पाहिली आणि बीडजवळचं पाली गाव गाठलं.

मारुतीदादा आता पालीला लेकीकडं असतात. बिंदुसरा धरणाच्या अंगाला घर आहे. मेंढरं नाहीत, चार शेळ्या आहेत. बाजेवर बसले होते. ओळख द्यावी लागली नाही, म्हणाले, "मास्तर न्हवं का? केजचे?" आतल्या भिंतीवर ती फ्रेम होती. प्लास्टिकचा हार, कपाळावर माझे तीन ठिपके. तीस-चाळीस पावलांवरूनही मला ते माझे म्हणून ओळखता आले असते.

मी चहाच्या आधीच सांगून टाकलं. सगळं. बुरशी, प्रोग्रॅम, पुसलेला स्कॅन, गयाबाईंचं बोट. ते शेवटी म्हणाले, "म्हंजी काम्पुटर काय म्हनलाच न्हाई?"

"नाही."

"मंग तीन कोन म्हनलं?"

"मी."

"अन् तुला कुनी सांगितलं?"

"गयाबाईंनी. तुम्ही यायच्या आधी."

ते एकदम हसले. दात नसलेलं, मोकळं हसू. "गयी लई लबाड. लहानपनी बी खेळात आधीच जाऊन खडं लपवून यायची." हसता हसता त्यांना ठसका लागला. लेक पाणी घेऊन आली, त्यांनी हातानंच नको म्हटलं. मग हसू गेलं.

"तवा एवड्या लोकांत तू मला खोटं पाडलंस."

"हो."

"आमी भावंडं वरीसभर बोललो न्हाई. तुला ठाऊक हाय का?"

ठाऊक नव्हतं. मी मान खाली घातली. ते बराच वेळ शेळ्यांकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळले, आणि त्यांचा आवाज बदललेला होता, आशेचा होता, तेच मला जास्त लागलं.

"तर मंग पाच व्हते."

"मला माहीत नाही, दादा. पुसण्याआधी मी मोजले नव्हते."

"तुला म्हाईत नसू दे. मला हाय."

त्यांनी डोळे मिटले. मांडीवरचा हात उचलला आणि एक बोट पुढं करून, समोर कुणी वाकलेलं असावं तसं, हवेत टेकवलं. एक. खाली सरकवून दोन. बाजूला तीन. बोट थांबलं. पापण्या घट्ट आवळल्या गेल्या. घरातली भांडी वाजायची थांबली होती.

"पाच म्हनलो व्हतो हे ध्यानात हाय," ते डोळे न उघडता म्हणाले. "पर आता दिसत्यात तीनच."

बोट अजून वरच होतं. ते थोडं डावीकडं गेलं, परत आलं, थोडं वर गेलं, परत आलं.